ती वही खाली काढ

"ताई, लोकसभेचा निकाल लागून तीन आठवडे झाले, मी अजून सावरलो नाही. आमचा उमेदवार पडला. मी कुठल्या पक्षाचा पदाधिकारी नाही, साधा मतदार. तरी एप्रिल-मेच्या उन्हात चाळीस दिवस घरोघरी फिरलो. लोकांच्या अडचणी लिहून घेतलेली वही आता कपाटावर पडली आहे. एका आजींच्या पेन्शनचं काम होतं, ते आता कोण करणार! लोक विकले गेले, ताई. थोरल्या भावाने दुसरीकडे मत दिलं, त्याच्याशी बोलणं बंद आहे. यापुढे मतदानाला जायचंच नाही असं ठरवतोय. हे दुःख कसं पचवू?"
– एक हरलेला मतदार

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशीच अडले.

चाळीस दिवस तू लोकांच्या दारात उभा राहिलास. त्यांनी तुला आत बोलावलं, पाणी दिलं आणि घरातली अडचण सांगितली. अनोळखी माणसाला आपली अडचण सांगणं सोपं नसतं. त्या आजींनी पेन्शनचे कागद कुठूनतरी शोधून काढून तुझ्यापुढे ठेवले असतील. तू लिहून घेतलंस आणि म्हणालास, होईल काम. "आमचा माणूस निवडून आला तर होईल," असं म्हणाला होतास का? नसशील. म्हणजे शब्द तू दिलास, उमेदवाराने नाही. आणि पडला तो उमेदवार.

त्या आजी अजून वाट बघत असतील. निकालाशी त्यांना काय देणंघेणं?

मला राग आला तो पुढच्या वाक्याचा. "लोक विकले गेले." कोणते लोक? ज्यांची नावं तुझ्या अक्षरात त्या वहीत आहेत, तेच ना? मे महिन्यात ज्यांच्या नळाला पाणी नाही म्हणून तू हळहळलास, ते निकालाच्या दिवशी दुपारी विकाऊ कसे झाले? कुणी कुणाला मत दिलं हे तुला ठाऊक नाही, आणि ते सांगायची सक्ती कायद्याने कुणावर करता येत नाही. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं कलमच आहे. त्या आजींनी तुमच्याच उमेदवाराला मत दिलेलं असू शकतं. नसेलही दिलेलं. त्याने त्यांच्या पेन्शनमध्ये काय फरक पडतो?

आता नीट ऐक. निवडून आलेला खासदार त्याला मत न देणाऱ्यांचाही खासदार असतो. तुझाही. तुला तो आवडत नसेल, पण पाच वर्षं तुझ्या मतदारसंघाचं नाव घेऊन लोकसभेत तोच उभा राहणार आहे. खासदार निधीचे वर्षाला 5 कोटी रुपये असतात. कुठली कामं घ्यायची याची शिफारस खासदार करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. म्हणजे आता शिफारस करणारा तोच. वहीतली कामं त्याच्यापुढे गेलीच नाहीत, तर तो पैसा दुसरीकडे लागेल, आणि मग तू म्हणशील, बघा, आमच्याकडे लक्षच नाही.

आजींचं पेन्शन ईपीएस-95चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयामार्फत मिळणाऱ्या कर्मचारी पेन्शन योजनेचं असेल, तर ते केंद्राच्या अखत्यारीत येतं. त्यात किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. एवढ्याशा रकमेसाठी म्हाताऱ्या माणसाने किती खेटे घालायचे? भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाला खासदाराच्या लेटरहेडवर पत्र गेलं, तर निदान फाइल कुठे अडकली आहे ते तरी कळेल.

तेव्हा वही खाली काढ आणि धूळ पूस. एका अडचणीला एक अर्ज, असे स्वच्छ अक्षरात अर्ज लिही. सगळं एकाच कागदावर कोंबू नकोस, तसले कागद बाजूला पडतात. जी कामं ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असतील ती वेगळी काढ. ज्याची अडचण त्याची सही घे. मग येत्या सोमवारी नव्या खासदाराच्या संपर्क कार्यालयात जा आणि अर्ज देऊन प्रत्येकाची पोच घे, शिक्का आणि तारखेसकट. तिथला माणूस तुला ओळखेल, प्रचारात पाहिलेला असेल. ओळखू दे. मान खाली घालण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. टोमणा मारला तर ऐकून घे आणि पोच माग.

जाताना भावाला बरोबर ने. त्याने ज्याला मत दिलं त्याच्याच दारात जायचं आहे, तो नाही म्हणणार नाही. माफी, खुलासे, राजकारण यातलं काही काढू नकोस. "एक काम आहे, चल," एवढंच म्हण.

दुःखाबद्दल तू विचारलंस. ते खरं आहे, मला कळतं. उन्हात चाळीस दिवस चाललेल्या माणसाला चटका बसणारच, आणि तू मनापासून चालला होतास हे तुझ्या प्रत्येक ओळीत दिसतं. म्हणूनच तुला कपाटाकडे बघत बसू देणार नाही. पुढच्या मतदानाला जायचं की नाही हे आज ठरवू नकोस, त्याला अजून वेळ आहे. सोमवारला नाही.

पहिली पोच आजींच्या अर्जाची घे. तिथून थेट त्यांच्या घरी जा, तो कागद त्यांच्या हातात दे आणि काय लिहिलंय ते वाचून दाखव. आणि मग मला पत्र पाठव, त्या काय म्हणाल्या ते कळव.

– तुझी ताई