खाण जमिनीखाली असेल, तर वरचे कडे का खचतील?

तुमचा प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं ओक फ्लॅट हे क्लाइंबिंगचं ठिकाण तांब्याच्या खाणीत जाणार म्हणतात, पण खाण इतकी खोल असेल तर वरचे दगड जागच्या जागी राहायला काय हरकत आहे? आणि आपल्या खान्देशात असं होऊ शकतं का?

राहणार नाहीत. बोगदे खणून धातुक, म्हणजे धातू असलेला खडक, काढलं आणि मागे झालेली पोकळी भरत गेलं, तर वरचा डोंगर टिकू शकतो. इथे ठरलेली पद्धत मात्र ब्लॉक केव्हिंगची आहे. तांबं साधारण दीड ते दोन किलोमीटर खोल आहे. त्याच्याही खाली जाऊन बोगद्यांचं जाळं करायचं, तळाचा थर सुरुंगाने फोडायचा आणि वरचा खडक स्वतःच्याच वजनाने तुटून खाली येऊ द्यायचा. तो खालून उपसत राहायचं. ज्यांच्या घरात मातीची कोठी होती त्यांना हे लगेच समजेल : खालच्या तोंडातला बोळा काढून ज्वारी घेत राहिलं की वर मधोमध खळगा पडतो. इथला खळगा सुमारे 3 किलोमीटर रुंद आणि 250 ते 340 मीटर खोल होईल, असं तिथल्या वनखात्याच्याच पर्यावरण अहवालात आहे. हे एका रात्रीत होणार नाही, पण खाण चालू झाली की टळणारही नाही.

मग पोकळी भरत का नाहीत? पैसा. धातुकात तांब्याचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्यासाठी भरत-भरत खणणं परवडत नाही, असं कंपनीचं म्हणणं. उरलेला अब्जभर टनांहून जास्त चुरा कुठे टाकायचा, हा आणखी वेगळा वाद. कंपनी रेझोल्यूशन कॉपर. तीत रिओ टिंटो आणि बीएचपी या दोन बड्या खाणकंपन्यांचे अनुक्रमे 55 आणि 45 टक्के.

ठिकाण फिनिक्स शहरापासून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, सुपीरियर या जुन्या खाणगावाच्या डोक्यावर. दगड म्हणजे ज्वालामुखीची तप्त राख साचून, दबून घट्ट झालेला टफ. त्यात बोटं जातील अशी भोकं आणि धारदार कंगोरे असतात. बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय मोठमोठ्या दगडांवर चढणाऱ्या, लोकांची तिथे झुंबड का, ते यावरून कळावं. फिनिक्स बोल्डरिंग काँटेस्ट ही गाजलेली स्पर्धा 1989 पासून कित्येक वर्षं तिथल्या परिसरात भरायची. शेजारचा ॲपाची लीप हा कडा कायद्याने राखून ठेवला आहे, त्यामुळे ‘कडा वाचला’ अशी बातमी वाचून फसू नका. जाणार आहे ते त्याच्या मागचं पठार.

खरी मेख कायद्यात आहे. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने ओक फ्लॅटची 760 एकर जागा खाणकामाला बंद केली होती. डिसेंबर 2014 मध्ये संरक्षण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक कलम घुसवलं गेलं : सरकारने इथली 2,422 एकर जमीन कंपनीला द्यायची आणि बदल्यात इतरत्र विखुरलेली सुमारे 5,400 एकर घ्यायची. वर अशी अट की अंतिम पर्यावरण अहवाल निघाल्यापासून 60 दिवसांत जमीन हस्तांतरित करायची. अहवालात काहीही लिहिलेलं असो! मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग याच अटीचा येतो. मुलगी देऊन झाल्यावर पत्रिका बघायची, त्यातली गत.

आणि एक स्पष्ट सांगतो. क्लाइंबर्सचं नुकसान खरं आहे, ॲक्सेस फंड ही त्यांची संघटना कोर्टातही गेली. पण ही जागा आधी ॲपाची या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची. ती त्यांची पवित्र भूमी आहे, मुलींच्या वयात येण्याचे विधी तिथे होतात, ओकची फळं तिथून गोळा होतात. त्यांच्या ‘ॲपाची स्ट्राँगहोल्ड’ या संघटनेने धर्मस्वातंत्र्याचा दावा लावला. मार्च 2024 मध्ये अपील न्यायालयात 6 विरुद्ध 5 असा हरला, मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाच नकार दिला. नंतर दुसऱ्या दाव्यांत 18 ऑगस्ट 2025 ला, हस्तांतराच्या आदल्या दिवशी, तात्पुरती स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, एवढं लक्षात ठेवून पुढच्या बातम्या वाचा.

आता आपलं. मी धुळ्याचा. धुळे-साक्री-नंदुरबार पट्ट्यात शेतांमधून काळ्या भिंतीसारख्या सरळ रांगा गेलेल्या दिसतात, त्या डाइक. दख्खनच्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजला, ही रांग उभी राहिली. जवळ जाऊन बघा : बहुकोनी दगड आडवे, एकावर एक, कारण थंडावा दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून आत गेला. हिवाळ्यात सकाळी आम्ही तिथे चढाईला जातो. पकडी भरपूर, पण प्रत्येक दगड आधी ठोकून बघावा लागतो, पोकळ वाजला की सोडून द्यायचा. ज्या सांध्यांत आमची बोटं जातात, त्याच सांध्यांत ब्रेकरचं, म्हणजे दगड फोडायच्या यंत्राचं, टोक बसतं. म्हणून क्रशरवाल्यालाही तोच दगड आवडतो. आमच्याकडे खळगा पडत नाही, डाइक ब्रासच्या हिशेबाने डंपरमधून जाते. एका रांगेबद्दल तिथल्या मेंढपाळ बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘‘आते काय राहिनं तठे, भाऊ?’’

फरक असा की बांधकामाचा दगड हे गौण खनिज, म्हणजे निर्णय दिल्लीत नाही, जिल्ह्यातच होतो. शिवाय अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण आणि साक्री, शिरपूर, शहादा, नंदुरबार, चोपडा, यावल, रावेर यांचा काही भाग अनुसूचित, म्हणजे आदिवासींसाठी घोषित केलेल्या, क्षेत्रात येतो. तिथे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या 1996 च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. तेव्हा तुमच्या गावच्या रांगेवर मशीन दिसलं तर फोटो टाकत बसू नका. गट नंबर काढा, तलाठ्याकडे परवाना आणि किती ब्रासची मंजुरी आहे ते विचारा, आणि गाव वरच्या यादीत असेल तर ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा.