हँडल एका बाजूला ओढते आहे : दुरुस्ती, विम्याचा दावा की नवी मोटारसायकल?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. साडेचार वर्षांपूर्वी घेतलेली माझी मोटारसायकल बारा दिवसांपूर्वी उजळाईवाडीजवळ दुभाजकाला धडकली. मला फक्त खरचटले. पण आता गाडी सरळ चालवायची तर हँडल डावीकडे वळवून धरावे लागते. उद्यमनगरातील गॅरेजवाले पुढच्या चाकाच्या शॉकअपचे पाईप प्रेसवर सरळ करून २,५०० रुपयांत काम करून देतो म्हणतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरने १९,५०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. विमा सर्वसमावेशक असून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५२,००० रुपये आहे. पण दावा केला तर ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल. जीएसटी कमी झाला आहे, तेव्हा ही गाडी आहे तशी २२,००० रुपयांना देऊन, बचतीतले २३,००० रुपये घालून आणि ११ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी ९०,००० रुपयांचे कर्ज काढून नवीच घ्यावी, असे मित्र सुचवतात. पगार २६,००० रुपये, बचत ४५,००० रुपये आणि आईची औषधे चालू आहेत. काय करावे?

उत्तर : आपण तीन पर्याय मांडले आहेत, परंतु गाडीचे नेमके काय वाकले आहे, हे अजून कोणीही मोजलेले नाही. त्यामुळे तिन्ही आकडे आज अंदाजाचेच आहेत. हँडल एका बाजूला वळवून धरावे लागणे, या एकाच लक्षणामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांच्या खर्चांत प्रचंड अंतर आहे. पहिले कारण सर्वांत स्वस्त आहे : पाईप सरळच असतात, मात्र धडकेने ते टीच्या, म्हणजे दोन्ही पाईपांना वर हँडलजवळ धरणाऱ्या आडव्या भागाच्या, पकडीत पिळले जातात. अशा वेळी पुढचा ॲक्सल, मडगार्डचे आणि टीचे बोल्ट सैल करून चाक व हँडल एका रेषेत आणायचे आणि बोल्ट पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळायचे, एवढेच काम असते व त्याला मजुरीच तेवढी पडते. दुसरे कारण म्हणजे पाईप किंवा टी खरोखरच वाकलेली असणे. तिसरे, आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत जड, म्हणजे चेसिसचा जो गळा कोनसेटला, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगला, धरून ठेवतो तोच सरकलेला असणे.

म्हणून पहिला खर्च मोजमापाचा करावा. पाईप बाहेर काढून व्ही ब्लॉकवर फिरवत डायल गेजने त्यांचा बाक मोजता येतो. अनेक कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर इतकी दिलेली असते. एवढा सूक्ष्म बाक डोळ्यांना दिसत नाही, पण उद्यमनगरात कोणत्याही बऱ्या लेथवाल्याकडे तो मोजण्याची सोय असते आणि जिथे ऑइल इंजिनांचे भाग घडले तिथे हे काम अवघड नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी ताणलेली दोरी पुढच्या चाकापर्यंत नेली, तर दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत हेही कळते. मात्र अपघाताची माहिती विमा कंपनीला दिल्यावाचून आणि तिच्या सर्व्हेअरने गाडी पाहिल्यावाचून एकही भाग खोलू देऊ नये, कारण आधी खोललेल्या गाडीच्या दाव्यात वाद निघण्यास भरपूर जागा राहते. बारा दिवस उलटले आहेत, त्यामुळे सूचना आजच द्यावी आणि उशिराचे खरे कारण त्यात लिहावे. उशीर अटळ असेल तर केवळ त्या एका मुद्द्यावर खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेले आहे. दावा पुढे न नेल्यास बोनस अबाधित राहील ना, हेही त्याच पत्रात विचारून लेखी उत्तर मागावे.

आता २,५०० रुपयांचा पर्याय पाहू. वाकलेला पाईप प्रेसवर दिसायला सरळ होतो, याबद्दल शंका नाही. परंतु एकदा वाकून पुन्हा सरळ केलेल्या पोलादाची ताकद त्याच ठिकाणी कमी झालेली असते. शिवाय वरचा क्रोमचा थर तडकला असेल तर ऑइल सील वारंवार कापले जाते आणि गळणारे तेल ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. रोज महामार्गालगत ये-जा करणाऱ्या माणसाने पुढच्या शॉकअपवर बचत करावी, असे मी सुचवणार नाही. पिळलेला शॉकअप केवळ जुळवून देण्याचे काम त्याच गॅरेजमध्ये खुशाल करावे. आक्षेप फक्त वाकलेला पाईप सरळ करण्याला आहे.

आपल्या प्रश्नाचा कणा म्हणजे बोनसची भीती, आणि ती रुपयांत मांडली की बरीच उतरते. नो क्लेम बोनस संपूर्ण हप्त्यावर मिळत नाही, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी त्याचा काही संबंध नाही. आपण पाठवलेल्या पॉलिसीत बोनस वजा होण्यापूर्वीचा हा हप्ता ९५० रुपये आहे. दावा केला नाही तर येत्या नूतनीकरणापासून दरवर्षी ५० टक्के सूट मिळत राहील. दावा केला तर सूट शून्यावर येऊन पुढील वर्षांत २०, २५, ३५ आणि ४५ टक्के अशी पुन्हा चढत जाईल. म्हणजे पाच वर्षांत मिळून गमावलेली सूट एका वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के, अर्थात सुमारे १,१९० रुपये आणि जीएसटी धरून १,४०० रुपये होते. गाडीची आयडीव्ही दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्षात ती याहूनही कमी भरेल. दुप्पट किमतीची नवी दुचाकी घेऊन हाच बोनस तिच्यावर वापरला असता असे मानले, तरी तोटा २,८०० रुपयांच्या आसपास राहतो. चारचाकीच्या बाबतीत बोनस जपण्याला अर्थ असतो. दुचाकीवाले मात्र तोच हिशोब आपल्यालाही लावतात आणि हजारो रुपयांचा हक्काचा दावा सोडून देतात.

दाव्यातून हाती काय येईल, तेही पाहू. आपल्या अंदाजपत्रकात पाईप, टी, कोनसेट आणि रिम असे धातूचे भाग ११,००० रुपयांचे, हेडलाइट व मडगार्डसह प्लॅस्टिक-रबराचे भाग ५,००० रुपयांचे आणि मजुरी ३,५०० रुपये आहे. झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापण्याचे, जोडकलम आपण घेतलेले नाही, म्हणून चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के घसारा कापला जाईल. कंपनी धातूचे ७,१५०, प्लॅस्टिकचे २,५०० आणि मजुरीचे ३,५०० असे १३,१५० रुपये मान्य करील आणि दुचाकीसाठीची सक्तीची १०० रुपयांची वजावट जाऊन १३,०५० रुपये देईल. आपल्या खिशातून ६,४५० रुपये जातील. त्यात बोनसचे १,४०० मिळवले तर खरी किंमत ७,८५० रुपये. शॉकअप ऑइलसारख्या किरकोळ गोष्टींचे थोडे पैसे वेगळे पडतील. बचतीतून हे भागते आणि घरच्या औषधपाण्याला धक्का लागत नाही.

याउलट नव्या गाडीचा मासिक हप्ता सुमारे २,९५० रुपये बसेल, म्हणजे पगाराच्या अकरा टक्क्यांहून अधिक, आणि तीन वर्षांत व्याजच सोळा हजारांच्या घरात जाईल. शिवाय बचत २२,००० वर येईल, जी आपल्या एका महिन्याच्या पगाराइतकीही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे मित्रांचे म्हणणे खरे आहे. पण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला मिळणारा भावही खाली येतो, हे ते सांगत नाहीत. विकायचीच असेल तरी वाकडी गाडी विकू नये. आपणच लिहिल्याप्रमाणे आपल्या शेजाऱ्यांची तशीच, पण सुस्थितीतील गाडी ३८,००० रुपयांना गेली; म्हणजे ७,८५० रुपयांच्या दुरुस्तीने आपल्या गाडीची किंमत सोळा हजारांनी वाढू शकते.

माझे मत असे. केवळ जुळवणीचे काम निघाले तर ते स्वखर्चाने करावे. पाईप वा टी वाकलेली निघाली आणि खर्च पाच हजारांपुढे जात असेल तर संकोच न करता दावा करावा. त्याखालच्या रकमेत कागदपत्रांची दगदग आणि कामावरचा खाडा धरता दाव्यात फारसे राहत नाही. चेसिसचा गळा सरकलेला असेल, तर अंदाजपत्रक पुष्कळ वाढेल आणि ते आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या, म्हणजे ३९,००० रुपयांच्या, पुढे गेले तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाईल व तडजोड आयडीव्हीच्या आधारावर होईल. नव्या गाडीचा विचार तेवढ्याच परिस्थितीत करावा, आणि तेव्हा कर्जही आज ठरवले आहे त्यापेक्षा बरेच कमी लागेल.

दाव्यासाठी पॉलिसी, नोंदणी प्रमाणपत्र आणि अपघाताच्या दिवशी वैध असलेला आपला वाहन परवाना तयार ठेवावा. गाडी परत घेताना काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर लगेच सही करू नये. आधी रिकाम्या सरळ रस्त्यावर मध्यम वेगाने चालवून हँडल मध्यभागी राहते का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि शॉकअप दाबल्यावर कुठे अडकतो का, हे तपासावे. बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव बिलात वेगळे लिहिले आहे, याचीही खात्री करून मगच सही करावी.