बेंगळुरूची नोकरी आणि नाशिकचे घर: हिशेब विमानाच्या वेळेवर करू नका

सप्रेम नमस्कार. आपण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात 14 लाख रुपये वार्षिक पगारावर आहात, बेंगळुरूहून 19 लाखांचा प्रस्ताव आला आहे आणि पत्नी, मुलगी व आईवडील नाशिकलाच राहणार असल्याने महिन्यातून दोनदा विमानाने घरी येण्याचा आपला विचार आहे. ‘विमानाला दोन तासही लागत नाहीत’ हा आपल्या पत्राचा मुख्य आधार आहे, म्हणून तोच आधी तपासतो.

ओझर (नाशिकचे विमानतळ) ते बेंगळुरू हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 870 किलोमीटर आहे आणि उड्डाणाला पावणेदोन-दोन तास लागतात, हे खरे. परंतु शहरातून ओझरला पोहोचायला अर्धा-पाऊण तास, विमानतळावर दीड तास आधी हजेरी, उतरल्यावर सामानासाठी थांबणे आणि देवनहळ्ळीच्या विमानतळापासून, शहर ओलांडून, आपले कार्यालय असलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत दोन तास धरले, तर दारापासून दारापर्यंत साडेसहा तास होतात. ओझरहून उड्डाणे मोजकीच आहेत. त्यांच्या वेळा शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ यांच्याशी जुळत नसतील, तर प्रत्येक फेरीत रजा खर्ची पडेल. उड्डाण रद्द झाले आणि मुंबई गाठावी लागली, तर समृद्धी महामार्ग धरूनही तीन-चार तास वाढतात.

आता पैसे. पीएफ बाजूला ठेवून, आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीनुसार 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरल्यास 14 लाखांवर उपकरासह 81,900 रुपये आणि 19 लाखांवर 1,71,600 रुपये कर येतो. म्हणजे पाच लाखांच्या वाढीतले 4,10,300 रुपये, महिन्याला साधारण 34,200, आपल्या हाती उरतात. आपणच दिलेल्या आकड्यांनुसार खोलीभाडे 18,000, जेवण व इतर 8,000, दोन फेऱ्यांची तिकिटे 20,000 आणि टॅक्सी 4,000, असा नवा खर्च 50,000 होतो. दरमहा सुमारे 16,000 रुपयांची तूट! एकच फेरी केली तरी खर्च 38,000 राहतो, म्हणजे तूट संपत नाही. शिवाय एकेरी तिकिटाचा आपला 5,000 चा अंदाज आधी आरक्षण केले तरच टिकेल. गणपती-दिवाळीत आणि 2027 च्या सिंहस्थात तो टिकेल असे मी धरणार नाही. प्रवास सवलत भत्त्याचाही (एलटीए) आधार घेऊ नका: नव्या प्रणालीत त्यावरची करसूट नाही आणि जुन्या प्रणालीतही ती रजेवरील प्रवासासाठी चार वर्षांत दोनदाच मिळते.

म्हणून हा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन फेऱ्यांसह केवळ बरोबरी साधण्यासाठीसुद्धा पगार साडेएकवीस लाखांच्या आसपास हवा, आणि मुलीपासून दूर राहण्याचे मोल त्यात धरलेलेच नाही. कंपनी महिन्यातून एक सलग आठवडा नाशिकहून काम करू देत असेल आणि आपण सहकाऱ्यासोबत खोली घेऊन भाडे 10,000 वर आणू शकत असाल, तर चित्र बदलते: एका फेरीत खर्च 30,000 च्या आसपास येतो आणि थोडी का होईना शिल्लक पडते. ही परवानगी तोंडी न घेता नियुक्तिपत्रात लिहून मागावी आणि ती हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.