वाघोबाच्या ठाण्यावर जाण्याआधी

प्रिय पोरी,

सातवीच्या मुलांना वाघोबाच्या, म्हणजे वारल्यांच्या वाघदेवाच्या, ठाण्यावर न्यायचं ठरवलंयस, वाचून फार बरं वाटलं. पण आधी गावात विचार. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी विचारलं नव्हतं. फळीवरचा वाघ आणि त्याच्यावरचे सूर्य-चंद्र फोटोत नीट यावेत म्हणून ओल्या फडक्याने शेंदूर पुसायला घेतला. पोरं एकदम गप्प झाली. एकाने माझ्या हातातून फडकं काढून घेतलं, मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. रागावले नाहीत. "बाई, विचारलं असतं तर आम्हीच दाखवलं असतं," एवढंच म्हणाले.

तेव्हा भगताला, जाणत्या माणसांना आधी भेट. कुठवर जायचं, चपला कुठे काढायच्या, फोटो काढायचा की नाही, ते सांगतील. तिथे गेल्यावर तू बोलू नकोस. वाघबारशीला नारळ का फोडतात, हे मुलांना त्यांच्याच तोंडून, वारलीत ऐकू दे. वर्गात बोलायला बुजणारी पोरं तिथे तुला अर्थ समजावून सांगतील.

परत आल्यावर फळ्यावर 'वारल्यांची समजूत' असं लिहू नकोस. विठोबाला आपण वारकऱ्यांची समजूत म्हणतो का? आणि 'पूर्वी पुजत' असंही नको. आजही पुजतात. मुंबईत आरेच्या पाड्यांवरसुद्धा वाघोबा आहे, आणि बिबट्याही आहे.

मग नियमगिरीचं सांग, सावकाश, नकाशा उघडून. ओडिशातला हा डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवाचा, नियमराजाचा. तो बॉक्साइटसाठी खणायचा घाट होता. जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या आधारे 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. बारा गावांत सभा झाल्या. माणसं उठून आपल्या देवाबद्दल, झऱ्यांबद्दल, डोंगरावरच्या शेतीबद्दल बोलली. बाराही सभांनी खाणीला नकार दिला. ग्रामसभा म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा यातून पोरांना लवकर कळतं. आपल्या गावची ग्रामसभा कधी भरते, ते त्यांना घरी विचारून यायला सांग.

जाताना नारळ ने. म्हातारी माणसं येणार असतील तर शाळेतली सतरंजीही घे, त्यांना खाली बसवत नाही. आणि काय काय ऐकलंत, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
बाई