एक बादली पाणी आणि झाडभर काजवे (वाचकांचे प्रश्न)

एप्रिल लागला की मोबाईल नुसता टिंगटिंग वाजत राहतो. सगळ्यांना सुट्टीत गावाकडे जायचंय, गाव नसलेल्यांना तर जास्तच. मी अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला सासर, त्यामुळे निम्मे प्रश्न काजव्यांचेच असतात. या वेळी सहा प्रश्न घेतलेत.

ताई, गेल्या वर्षी आम्ही दोन फॅमिली मिळून काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, जूनच्या शेवटच्या शनिवारी. धो धो पाऊस, धुकं, काजवा एकही नाही. मोबाईलवर तर झाडं पेटल्यासारखी दिसतात, ते सगळं एडिट केलेलं असतं का? – एक वाचक, डोंबिवली

अगदीच खोटं नसतं हो, पण कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून काढतात आणि पुष्कळदा असे ढीगभर फोटो एकावर एक चढवतात, म्हणून तेवढा पिवळाधमक उजेड दिसतो. डोळ्याला तसं दिसत नाही. डोळ्याला काय दिसतं सांगते. आधी पाच-दहा मिनिटं काहीच नाही, नुसता मिट्ट काळोख आणि पोरांचं "कुठंय, कुठंय". मग सादड्याच्या नाहीतर हिरड्याच्या एखाद्या फांदीवर चार ठिपके लुकलुकतात, शेजारची फांदी त्यांना धरून घेते, आणि भजनात एकाने टाळ धरला की बाकीचे आपोआप त्यात येतात तसं थोड्या वेळाने अख्खं झाड एका ठेक्यात लागतं-विझतं. तोवर बडबड करणारी माणसं आपोआप गप्प होतात.

तुमची चूक फक्त तारखेची. वळवाचे एक-दोन सडाके पडून गेले की साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात काजवे चमकायला लागतात आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत असतात, मोठा पाऊस बसला की खेळ खल्लास. तुम्ही गेलात तेव्हा आमच्याकडे आवण्या (भाताची लावणी) सुरू व्हायची वेळ आलेली असते! कॅलेंडरात अमावास्या बघा, तिच्या आगेमागे या, आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून या. शनिवारी घाटघर, साम्रद, रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला गाड्यांची एवढी रांग लागते की काजव्यांपेक्षा हेडलाईटच जास्त दिसतात. मुरशेत, पांजरे, उडदावणे इकडेही झाडं छान लागतात.

आणि आता जरा रागाने लिहिते. दोन वर्षांपूर्वी आमच्या बांधाच्या खालच्या अंगाला एक बेहडा मस्त लागला होता, आठ-दहा पाहुणे आणि आमची पोरं गुपचूप बसलेली, तेवढ्यात वरून एक गाडी आली आणि त्यातल्या माणसाने झाड "नीट दिसावं" म्हणून गाडी वळवून हेडलाईट सरळ झाडावर मारला. काजवे बघायला लाईट लावणाऱ्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. सगळं झाड एका क्षणात बंद. परत लुकलुकायला लागलं तेव्हा आमच्या सासूबाईंची झोपेची वेळ उलटून गेली होती. हा उजेड म्हणजे त्यांचं बोलणं असतं, नर उडत उडत खूण करतो, मादी खाली गवतात-झुडपात बसून उत्तर देते, त्यावर त्यांचं लग्न जमतं. अळी असताना वर्षभराच्या आसपास मातीत-पाचोळ्यात राहून गोगलगायी खातात आणि पंख फुटल्यावर हाताशी असतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातली एक रात्र तुमच्या हेडलाईटने गेली तर तेवढी गेलीच. त्यामुळे बॅटरी लागलीच तर काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावा आणि ती पायाशीच धरा, फ्लॅश बंद, स्पीकर बंद, आणि मच्छरांचं क्रीम लावलेल्या हाताने काजवा पकडू नका, बाटलीत तर नकोच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. नाक्यावर फी भरा, पावती घ्या, रात्री किती वाजेपर्यंत सोडतात ते निघायच्या आधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना विचारा, आणि गावातलाच माणूस बरोबर घ्या, कोणतं झाड आज लागलंय ते त्याला दुपारीच ठाऊक असतं.

मागच्या मे महिन्यात एका गावातल्या घरी राहिलो. जेवण एक नंबर, माणसं चांगली, पण अंघोळीला माणशी फक्त एक बादली पाणी! समोर एवढं मोठं धरण दिसत असताना? पैसे दिल्यावर एवढी अपेक्षा चूक आहे का? – एक वाचक, पुणे

अपेक्षा चूक नाही हो, महिना चूक होता. धरण समोर दिसतं ते खाली. भंडारदऱ्याचा हा विल्सन डॅम १९२६ सालचा, म्हणजे शंभरीचा, पण त्याचं पाणी उताराने खालच्या तालुक्यांना जातं, वरच्या वाड्यांकडे चढून येत नाही. आमच्याकडे एवढा पाऊस पडतो की जुलैत कपडे वाळत नाहीत आणि मे महिन्यात बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. ज्या बाईने तुम्हाला ती एक बादली दिली तिने ती बहुतेक पहाटे चारला उठून आणलेली असणार, आणि तिच्या स्वतःच्या घरात त्या दिवशी किती जणांनी अंघोळ केली हे तुम्ही विचारलं नसेल. विचारूही नका, ती लाजेल.

अजून एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. तुमची मेमध्ये सुट्टी असते, गावाची नसते. उलट वर्षातली सगळ्यात घाई तेव्हाच, राब (भाताच्या रोपांसाठी भाजायची जमीन) भाजून झाले तरी सरपण तोडून घरात रचायचं असतं, कौलं फिरवायची असतात, गोठ्याच्या पडव्या शाकारायच्या असतात, पापड-कुरडया, बियाणं निवडणं, सगळं पावसाच्या आत. त्यामुळे यजमान सारखा उठून जातो म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या मागे जा. कौलं खालून वर हातोहात द्यायला चार माणसं जास्त असली की काम दुपारच्या आत उरकतं, आणि पोरांना ते कुठल्याही ॲडव्हेंचर पार्कपेक्षा जास्त आवडतं, मी बघितलंय. पाणी मात्र प्यायचं निदान एक दिवसाचं तुमचं तुम्ही आणा, आणि रिकाम्या बाटल्या परत घेऊन जा.

आम्ही दुबईला असतो. १५ मे ते ५ जून भारतात येतोय, मुलांना वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची आहेत. बुकिंग कसं करायचं? – एक वाचक

करू नका. उशीर झालाय. वेळासची, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावातली, पिल्लं निघतात ती मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत येऊन वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, मग गावातली माणसं सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात, आणि पिल्लं निघाली असली तर सोडतात, नसली तर नाही. तुम्ही दुबईहून आलात म्हणून कासव काही अंड्यातून लवकर बाहेर येणार नाही. २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास खाल्ली-विकली जायची. आता त्याच गावात पाहुण्यांसाठी उकडीचे मोदक होतात. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या एका मादीला सॅटेलाईट टॅग लावला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा', मुलांना ही गोष्ट सांगा, पुढच्या वर्षी मार्चमध्ये आणा.

या वेळी कोकणात जाणारच असाल तर राजापूर-रत्नागिरीकडची कातळशिल्पं दाखवा. कशेळीला सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) कोरलेला हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, इतर जनावरं कोरलेली. उभं राहून बघितलं तर पायाखाली नुसत्या रेघा दिसतात, मुलांना त्या रेघेवरून चालायला लावा (आत पाय न देता, कडेने), सोंड कुठे संपते ते चालूनच कळतं. कोकणातली अशी शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. फक्त एक करा, सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर जा. मेमध्ये सडा दुपारी तव्यासारखा तापतो आणि सावली नावाला नसते. आम्ही एकदा शहाणपणा करून साडेअकराला गेलो, भाचीच्या चपलेचा सोल निघून कातळालाच चिकटला.

आदिवासी भागातला बोहाडा बघायची फार इच्छा आहे. कार्यक्रम किती वाजता सुरू होतो, तिकीट असतं का, पुढची सीट मिळेल का? – एक वाचक, नाशिक

तिकीट नाही, सीट नाही, आणि वेळ म्हणाल तर जेवणं उरकली की. बोहाडा म्हणा, भोवाडा म्हणा, देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायचा हा उत्सव जव्हार-मोखाड्याकडे, नाशिकच्या डोंगरपट्ट्यात, आमच्या अकोले तालुक्यातही, होळीनंतर ते वैशाखापर्यंत गावागणिक वेगळ्या तारखांना होतो. ती तारीख गाव ठरवतं, देवीच्या हिशोबाने, त्यामुळे पोस्टरवर शोधू नका, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारा, लगेच कळतं.

आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग एकेक सोंग. राम, रावण, नरसिंह, भीम, त्राटिका, वेताळ. मुखवटे एवढे मोठे आणि जड की नाचणाऱ्याला अंगात ताकद पाहिजे, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं. आमच्या ओळखीतला एक जण वर्षभर नाशिकला कंपनीत शिफ्ट करतो, पण त्या रात्री काहीही झालं तरी रजा टाकून गावात हजर, कारण त्याच्या घराचं सोंग दुसऱ्या कुणी नाचवायचं नाही. संबळ आणि पिपाणी सुरू झाली की टेंभ्याच्या उजेडात तो मुखवटा पुढे-मागे झुलत येतो, दिवसा घराच्या माळ्यावर बघितलेलाच मुखवटा असतो, रंग उडालेला, तरी बारकी पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात. मोठ्या बोहाड्याच्या रात्री शेवटी देवी आणि म्हसोबाचं युद्ध, तोवर उजाडलेलं असतं. तेव्हा शाल न्या, बसायला चटई न्या, आणि हे स्टेजवरचं नाटक नाही, देवाचं काम आहे हे लक्षात ठेवून सोंगाच्या अंगावर जाऊन सेल्फी काढू नका. दानाचं ताट फिरतं त्यात हात मोकळा सोडा.

पुढच्या सीटचीच आवड असेल तर सिंधुदुर्गातला दशावतार बघा, तिथेही रात्रभर जागायचंच आहे, पण देवळासमोर खुर्च्या मिळतात. त्यांच्याकडे लिहिलेली संवादाची वही नसते, कथा तेवढी ठरवून घेतात आणि उभ्या उभ्या बोलतात. एकाने वाक्य टाकलं की दुसरा ते कसं झेलतो ते बघण्यासारखं असतं.

आम्ही गावातच राहतो (ता. जुन्नर). महिला मंडळ आणि शाळेतली पोरं मिळून उन्हाळ्यात एक दिवसाची सहल काढायचीय. सगळे म्हणतात वॉटर पार्कला चला, माणशी खर्च परवडत नाही. आम्हाला कोण सांगणार कुठे जायचं, सगळे शहरवाल्यांनाच सांगतात! – एक वाचक

बाई, तुमचं पत्र वाचून मी खजील झाले, खरंच आम्ही गाववाल्यांना कधी विचारतच नाही तुम्हाला कुठे जायचंय म्हणून. तुमच्याच पट्ट्यात देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, आहेत, शेजारच्या आंबेगावात आहुप्याची देवराई आहे. तिथून वाळकी काडीही घरी न्यायची नाही हा देवाचा कायदा, म्हणून तर एवढे जुने वृक्ष राहिले. मेच्या उन्हात बाहेर डोकं तापलेलं असतं आणि आत पाऊल टाकलं की गारवा लागतो, पोरांना थर्मामीटर देऊन आतलं आणि बाहेरचं तापमान मोजायला सांगा. बरोबर गावातली एखादी म्हातारी न्याच, झाडांची नावं आणि कुठलं पान कशावर चालतं ते तिला माहीत असतं, मास्तरांना नाही.

जायला एसटीच धरा. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, म्हणजे म्हातारीचा प्रश्न मिटला. डबे घरचे, पन्हं कळशीत, पत्रावळी पळसाच्या. दुपारी अकरा ते चार झाडाखालून हलू नका, तेव्हा सूरपारंब्या, विटीदांडू, आणि बायकांनी आपल्या ओव्या म्हणायच्या. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, पुष्कळ ओव्या आता दोन-तीन जणींनाच येतात.

मी स्वतः एकदा अशा सहलीबरोबर वॉटर पार्कला गेले होते, नाव नाही घेत. रांगेत दीड तास, पाण्यात वीस मिनिटं, आणि आमच्या वाडीतल्या एका बाईने एवढं पाणी नुसतं वरून खाली पडताना बघून मला हळूच विचारलं, "हे परत कुठं जातं गं?"

मावशी, मी सहावीत आहे. आजी म्हणते करवंद खाताना आधी कोंबडा की कोंबडी विचारायचं. म्हणजे काय? – एक छोटी वाचक, कल्याण

अगं, आजीकडूनच शिक, पण थोडं सांगते. पिकलेलं काळं करवंद घ्यायचं, समोरच्याने सांगायचं कोंबडा का कोंबडी, मग दाताने अर्धं तोडून बघायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाच करवंदं द्यायची. जाळीत हात घालताना काटे बघ, चीक फ्रॉकला लागला तर निघत नाही, आई माझ्या नावाने ओरडेल. आणि आजीशी खेळताना जपून, तिला बाहेरूनच कळतं आत काय आहे ते.