कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्याची फाइल काढताना

आधी काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, पक्की कर. माणूस राहतो कुठे ते सोड, खटला चालला त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टातच फाइल असते. केस नंबर हाताशी असला तर निम्मं काम झालं. नुसतं नाव दिलंस आणि शोधायला क्लार्कची दहा मिनिटं उलटली, की 15 डॉलर. त्यात 2021 च्या अपील कोर्टाच्या निकालानंतर जन्मतारखेवरून शोधणं बंद. एकाच नावाचे पाच जण निघाले की बस डोकं धरून!

फौजदारी कागद घरबसल्या उघडत नाहीत, कोर्टातल्या कॉम्प्युटरवर बघावे लागतात. प्रत पानाला 50 सेंट, सही-शिक्क्याचे आणखी 40 डॉलर. ग्रीन कार्डासाठी हवी असेल तर शिक्क्याचीच घे, तिथे चिंगूसपणा नको. पोलिस रिपोर्ट मात्र इथे मागू नकोस, तो पोलिसांकडे.