रंगीत चित्राआधी हातचे गणित

प्रश्न : मी नांदेड येथे यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. फायनाइट एलिमेंट मेथडचे (वस्तूचे लहान तुकडे कल्पून तिच्यातला ताण आणि झोल काढण्याच्या पद्धतीचे) पुस्तक उघडले की पहिल्याच प्रकरणात व्हेरिएशनल कॅल्क्युलस (ऊर्जेसारखी राशी किमान करणारे उत्तर शोधण्याचे गणित) येते आणि वाचन तिथेच थांबते. प्रयोगशाळेतील सॉफ्टवेअरवर मात्र थोड्या वेळात स्ट्रेसचे, म्हणजे ताणाचे, रंगीत चित्र तयार होते, पण ते बरोबर आहे की नाही हे समजत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात एका सळईपासून करावी, आणि तीही कागदावर. प्रत्येकी ४०० मिलिमीटर लांबीचे दोन तुकडे एकापुढे एक जोडलेले आहेत असे समजा. भिंतीकडच्या तुकड्याचा काटछेद २०० चौरस मिलिमीटर आहे, पुढच्याचा १०० चौरस मिलिमीटर आहे, आणि मोकळ्या टोकाला १०,००० न्यूटनने ओढले आहे. पोलादाचा यंग मापांक (ताणले जाण्याला पदार्थ किती विरोध करतो त्याचे माप) दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन धरला, तर काटछेद गुणिले मापांक भागिले लांबी या सूत्राने पहिल्या एलिमेंटचा, म्हणजे तुकड्याचा, स्टिफनेस (ताठपणा) दर मिलिमीटरला १,००,००० न्यूटन आणि दुसऱ्याचा ५०,००० न्यूटन येतो. मधल्या नोडवर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही तुकडे येऊन मिळतात, म्हणून तिथे दोघांची बेरीज होऊन १,५०,००० येते. ज्याला असेंब्ली म्हणतात ती हीच बेरीज. समीकरणे सोडवली की मधला नोड ०.१ मिलिमीटर आणि टोक ०.३ मिलिमीटर सरकलेले दिसते, तर दोन तुकड्यांतील स्ट्रेस अनुक्रमे ५० आणि १०० मेगापास्कल येतो. हेच उत्तर दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समधील सूत्रानेही येते, त्यामुळे आपले आपल्याला ताडून पाहता येते.

आता याच उदाहरणातली भिंत काढून टाका आणि तिन्ही नोडचे मॅट्रिक्स मांडून पाहा. त्याचा डिटर्मिनंट शून्य येतो, कारण अख्खी सळई न ताणता हवी तिकडे सरकू शकते. सॉफ्टवेअर जेव्हा मॅट्रिक्स सिंग्युलर (डिटर्मिनंट शून्य) असल्याची सूचना देऊन थांबते, तेव्हा बहुतेक वेळा मॉडेलला धरून ठेवणारा आधार कुठेतरी अपुरा राहिलेला असतो.

सळईनंतर बीम, बीमनंतर सपाट पत्र्यावरचा त्रिकोणी एलिमेंट, मग शेप फंक्शन (नोडवरच्या सरकण्यावरून एलिमेंटच्या आतले सरकणे काढणारे सूत्र) आणि न्यूमरिकल इंटिग्रेशन, हा क्रम मला योग्य वाटतो. व्हेरिएशनल कॅल्क्युलस टाळावे असे मी म्हणत नाही. स्टिफनेस मॅट्रिक्स हाताने मांडून झाल्यावर ते प्रकरण पुन्हा उघडावे, म्हणजे ऊर्जा किमान करण्याचा खटाटोप कशासाठी आहे हे उमगते. अभियंते या पद्धतीपर्यंत बरेचसे याच वाटेने आले. गणितज्ञ कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकडे आणि व्हेरिएशनल विचार एकत्र मांडले होते; पण टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा शोधनिबंध विमानाच्या सांगाड्याच्या स्टिफनेसच्या प्रश्नातून आला, आणि पद्धतीला आजचे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले.

चित्र बरोबर आहे का, हा आपला दुसरा आणि अधिक मोलाचा प्रश्न. सर्वाधिक घोटाळा मेशमध्ये, म्हणजे एलिमेंटच्या जाळीत, नव्हे, तर आधार दाखवण्यात होतो असे माझे मत आहे. आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉलीचा एक लांब चॅनल घ्या. तो दोन टोकांना नुसता टेकलेला आहे आणि त्यावर सारखा पसरलेला भार आहे. मॉडेल करताना सोय म्हणून दोन्ही टोके पूर्ण जखडली, तर मध्यभागाचा झोल खऱ्याच्या एक पंचमांश दिसतो, कारण टेकलेल्या बीमच्या सूत्रातला ५ हा गुणक जखडलेल्या बीमच्या सूत्रात नसतो. मेश कितीही बारीक केली तरी ही चूक भरून निघत नाही. म्हणून सोडवण्याची आज्ञा देण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

सरावासाठी एक उदाहरण देतो. ५०० मिलिमीटर लांब, २० बाय २० मिलिमीटरची पोलादी पट्टी एका टोकाला जखडून दुसऱ्या टोकाला २०० न्यूटन भार द्यावा. हातचे गणित सांगते की टोक ३.१२५ मिलिमीटर खाली जाईल आणि मुळाशी ७५ मेगापास्कल स्ट्रेस येईल. हीच पट्टी जाडीत एकच थर ठेवून चार नोडच्या टेट्राहेड्रॉनने (चार त्रिकोणी बाजूंच्या घन एलिमेंटने) सोडवली तर झोल बराच कमी येतो, कारण हा एलिमेंट वाकण्यात गरजेपेक्षा ताठ असतो; दहा नोडच्या टेट्राहेड्रॉनने उत्तर जवळ येते. हा फरक एकदा स्वतः पाहिला की सॉफ्टवेअरने आपोआप निवडलेला एलिमेंट आपण न तपासता स्वीकारणार नाही.

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीत फिक्स्चर डिझाइनचे काम करतो. एल आकाराच्या ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात मेश बारीक केली की स्ट्रेस दर वेळी वाढतो. अहवालात कोणता आकडा द्यावा?

उत्तर : त्या कोपऱ्यातला कोणताच आकडा देऊ नये. आतला कोपरा अगदी धारदार काढला असेल, तर लिनिअर इलॅस्टिक सिद्धांतानुसार (स्ट्रेस आणि ताणले जाणे कायम समप्रमाणात धरणाऱ्या सिद्धांतानुसार) तिथला स्ट्रेस अनंत असतो, म्हणून मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा. प्रत्यक्षातल्या ब्रॅकेटला मात्र वाकवल्याची किंवा मशीनिंगची त्रिज्या असतेच. ती गेजने मोजून मॉडेलमध्ये घ्यावी, त्या वळणावर पुरेसे एलिमेंट बसवावेत आणि लागोपाठच्या दोन मेशमधला फरक नगण्य होईपर्यंत मेश बारीक करत जावे. मगच तो आकडा यील्ड स्ट्रेंग्थशी (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्याशी) ताडावा; आयएस २०६२ या भारतीय मानकामधील ई २५० प्रतीच्या पोलादाच्या २० मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यासाठी ती किमान २५० मेगापास्कल आहे. कोपरा वेल्ड केलेला असेल आणि प्रश्न फटीगचा (वारंवार येणाऱ्या भाराने तडा जाण्याचा) असेल, तर वेल्ड जिथे पत्र्याला मिळतो त्या कडेपासून पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस वाचून त्यांवरून कडेशी येणारा स्ट्रेस सरळ रेषेने काढण्याची रूढ रीत आहे. ब्रॅकेट किती वाकतो एवढेच पाहायचे असेल, तर धारदार कोपऱ्याचे मॉडेलही चालते. झोलाचा आकडा लवकर स्थिरावतो.

प्रश्न : महागडे सॉफ्टवेअर आणि शहरातला क्लास परवडत नाही. लातूरला घरी बसून हे शिकता येईल का?

उत्तर : येईल. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यातून कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) चालवता येतो. वर दिलेली पट्टी साध्या लॅपटॉपवर सहज सुटते. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर या विषयाची आयआयटीतील प्राध्यापकांची व्याख्याने विनाशुल्क पाहता येतात. एककांचे मात्र भान ठेवावे. न्यूटन, मिलिमीटर आणि मेगापास्कल वापरत असाल आणि सॉफ्टवेअर एकके स्वतः बदलून घेत नसेल, तर पोलादाची घनता ७८५० नव्हे, तर टन प्रति घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात, अशी भरावी लागते. नाहीतर स्वतःच्या वजनाचा भार आणि कंपनांची वारंवारता या दोन्हींची उत्तरे साफ चुकतात.